गाडी गेली, नाव राहिलं
जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन खरेदी-विक्रीविषयी वाचकांचे प्रश्न

ऑनलाइन जाहिरातींवरून जुन्या वस्तू घेणाऱ्या आणि विकणाऱ्या वाचकांचे निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. नावं वगळून फक्त ठिकाण दिलं आहे. चूक झाली तर वर्षानुवर्षं निस्तरत बसावं लागतं ते गाडीच्या व्यवहारात, म्हणून गाड्यांना जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी जाहिरात टाकून माझी मोपेड विकली. घेणाऱ्याने रोख पैसे दिले. मी मालकाचं नाव बदलायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या करून दिल्या, आरसी बुकही दिलं. ‘आठवड्यात नावावर करून घेतो’ म्हणाला होता. आता सिग्नल तोडल्याची, हेल्मेट नसल्याची चलनं माझ्याच मोबाइलवर येतात आणि त्याचा फोन लागत नाही. काय करावं? (जवाहरनगर, कोल्हापूर)

उत्तर : चलनांचं नंतर बघू. आधी अपघाताची काळजी घ्या. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याने गाडीचा मालक. ती गाडी कुणाला धडकली तर भरपाईच्या दाव्यात नोटीस तुमच्या दारात येणार. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच ठरवलं. त्यातली गाडी विकली जाऊन पुढे आणखी हातांत गेली होती, तरी जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच राहिली.

म्हणून आजच एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून विमा चालू आहे का ते बघा. चालू असेल तर अपघाताची भरपाई विमा कंपनीकडून होण्याची वाट तरी मोकळी राहते. विमा संपलेला असेल, तर कागदोपत्री मालक या नात्याने किमान थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा विमा तुम्हीच भरा. विकलेल्या गाडीवर आपण का खर्च करायचा, असं वाटेल. पण मोपेडला तो हजार रुपयांच्या आसपास जातो आणि बिनविम्याच्या गाडीने एक माणूस जखमी केला तर आकडा लाखांत जातो.

त्यानंतर घेणाऱ्याशी झालेलं चॅट, त्याचा नंबर, दिला असेल तर आधारचा फोटो आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट हे सगळं एकत्र करा. व्यवहाराची तारीख लिहून आरटीओला एक आणि जवळच्या पोलीस ठाण्याला एक असे लेखी अर्ज द्या. पोचेचा शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा. चलनावर कॅमेऱ्याचा फोटो असतो, त्यात गाडी चालवणारा दिसत असेल तर तो अर्जाला जोडा. वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर तक्रारीची सोय आहे, तिथेही हीच कागदपत्रं द्या. यामुळे चलन रद्द होईलच असं नाही, पण तुमची बाजू तारखेनिशी नोंदली जाते.

आता ज्यांची गाडी अजून विकायची आहे त्यांच्यासाठी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर १४ दिवसांत आरटीओला कळवणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. घेणाऱ्याला ३० दिवस मिळतात. त्यामुळे ‘तो करून घेईल’ हा हिशोबच चुकीचा. अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावर भरता येतो. घेणारा समोर बसलेला असतानाच भरा आणि अर्ज क्रमांक दोघांच्या मोबाइलवर आल्याशिवाय चावी देऊ नका. कोऱ्या फॉर्मवर तर सही करूच नका. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख भरलेल्या फॉर्मवर केलेली सही आणि कोऱ्या फॉर्मवरची सही यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कोऱ्या फॉर्मवर गाडी तीन एजंटांच्या हातून फिरते आणि नाव तुमचंच राहतं. कर्जाची गाडी असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म देऊन बोजा आधी उतरवा. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवली आहे ना, तेही बघा, नाहीतर हस्तांतर तिथेच अडतं.

विक्रीपत्र मुद्रांकावर करा किंवा साध्या कागदावर, पण त्यात तारखेबरोबर वेळही लिहा. ‘दुपारी ४ वाजून २० मिनिटांनी ताबा दिला’ इतकं नेमकं. त्याच संध्याकाळी काही घडलं तर तेवढ्या एका ओळीला किंमत येते. चासी नंबर, इंजिन नंबर, किलोमीटर, रक्कम, पैसे कसे दिले आणि दोन साक्षीदार. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा: हे पत्र तुम्हाला घेणाऱ्याकडून पैसे वसूल करायला उपयोगी पडतं. अपघातग्रस्तासमोर तुमची जबाबदारी त्याने संपत नाही. ती नाव बदलल्यावरच संपते.

जुन्या गाड्यांच्या डीलरला गाडी देणार असाल तर तो आरटीओकडे नोंदलेला अधिकृत डीलर आहे का ते विचारा. १ एप्रिल २०२३ पासून अशा डीलरला गाडी देताना २९-सी फॉर्म ऑनलाइन भरला की पुढची विक्री होईपर्यंत डीलरलाच मालक मानलं जातं. आमच्या मते घरच्या विक्रीपेक्षा चार पैसे कमी आले तरी ज्यांना धावपळ जमत नाही त्यांच्यासाठी हा मार्ग बरा.

प्रश्न : २०१८ ची पेट्रोल कार बघितली आहे. कोल्हापूरचं एमएच ०९ पासिंग, एकच मालक, आतून एकदम नव्यासारखी. बाजारभावापेक्षा लाखभर कमी सांगतात. भावजी म्हणतात पुरातली असणार, मालक म्हणतो पाणी शिवलेलं नाही. ओळखायचं कसं? (गडहिंग्लज)

उत्तर : भावजींची शंका रास्त आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी आहे ४३ फूट. २०१८ ची गाडी हे दोन्ही पूर पाहिलेली. आरसीवरचा पत्ता शाहूपुरी कुंभार गल्ली, दुधाळी, बापट कॅम्प किंवा शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावातला असेल तर तपासणी दुप्पट काळजीने करा. पण निव्वळ पत्त्यावरून गाडी बाद करू नका. अनेकांनी गाड्या वेळेत उंचावर नेऊन लावल्या होत्या.

बुडालेल्या गाडीचं इंजिन दुरुस्त होतं, सीट कव्हर नवी बसतात. खरा रोग वायरिंगमध्ये असतो. गाळाचं पाणी कनेक्टरमध्ये शिरतं, तांब्यावर हिरवट पूड धरते आणि मग सहा महिने, वर्ष, कधी दोन वर्षांनी काच अडकते, सेन्सर चुकीचं सांगतो, भर रस्त्यात गाडी बंद पडते. धुतलेल्या गाडीत हे पहिल्या दिवशी दिसत नाही, म्हणून शोधायचं ते धुणाऱ्याचा हात जिथे पोचत नाही तिथे.

पहिली जागा सीटबेल्ट. पट्टा थांबेपर्यंत पूर्ण बाहेर ओढा. वरचा भाग स्वच्छ असतोच, पण गुंडाळीत सगळ्यात आत राहणारा हातभर पट्टा सहसा कुणी धूत नाही. तिथे गाळाची आडवी रेघ, कडक झालेली वीण किंवा कुबट वास आला तर पुढे काही बघायची गरज नाही. पट्ट्याच्या तळाशी उत्पादनाच्या तारखेची चिकटपट्टी असते. गाडी २०१८ ची आणि पट्टे २०२० चे असतील तर का बदलले हे विचारा.

मग पुढची सीट मागे सरकवून खालचे रूळ आणि बोल्ट टॉर्चने बघा. डिकीतली स्टेपनी उचला, खालच्या खोलगट जागेच्या कोपऱ्यात बोट फिरवा. तिथेच ठेवलेला जॅक आणि पाना गंजलेला आहे का? दाराजवळचं गालिच्याचं टोक उचलून खालचा फोम दाबा. हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ शोधा. फ्यूज बॉक्सचं झाकण काढून पिनांचा रंग बघा. काचा बंद करून एसी दहा मिनिटं आतल्या हवेवर चालवा. सुगंधी बाटली लटकवली असेल तर ती आधी काढायला सांगा. चावी फिरवल्यावर एअरबॅग आणि एबीएसचे दिवे पेटून काही सेकंदांत विझले पाहिजेत. पेटून राहिले तर बिघाड आहे. मुळीच पेटले नाहीत तर बिघाड लपवलेला असू शकतो, ते जास्त वाईट. शेवटी गॅरेजवाल्याकडून स्कॅनर लावून घ्या. त्यासाठी लागतील ते पैसे द्या, पण मेकॅनिक विकणाऱ्याच्या ओळखीचा नको.

कागदांतही पूर सापडतो. २०१९ ते २०२२ मधल्या सगळ्या पॉलिसी मागा. दावा न घेतलेल्या वर्षांना हप्त्यातली सवलत, म्हणजे नो क्लेम बोनस, २० टक्क्यांपासून चढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. दावा घेतला की पुढच्या नूतनीकरणात तो शून्यावर येतो. पुरानंतरच्या पॉलिसीत बोनस अचानक शून्य दिसला तर दावा कसला होता, हे लेखी मागा. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी पूर्ण नुकसान धरते. अशा गाड्या भंगार म्हणून विकल्या जातात आणि काही दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्यावर येतात. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधला इतिहासही मालकाला बरोबर नेऊन काढून घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये टोइंग, वायरिंग, गालिचा, इसीएम (इंजिनाचा संगणक) असं एकगठ्ठा बिल दिसलं तर अर्थ सरळ आहे.

मालक यातलं काही दाखवायला तयार नसेल तर लाखभर स्वस्त म्हणून मोहात पडू नका. आणि व्यवहार ठरलाच, तर दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने देऊ-घेऊ नका. आयकर कायद्यात त्याला बंदी आहे आणि दंड पैसे घेणाऱ्यावर बसतो.

प्रश्न : निपाणीकडची केए २३ पासिंगची कार स्वस्त मिळते आहे. राहायला कागलला. तशीच वापरली तर चालेल का? (कागल)

उत्तर : बारा महिन्यांच्या वर महाराष्ट्रात ठेवली तर इथला नंबर घ्यावाच लागतो. त्यासाठी चिक्कोडीच्या आरटीओकडून २८ नंबरच्या फॉर्मवर ना हरकत दाखला, कर्ज असेल तर बँकेचंही पत्र, मग इथे अर्ज, तपासणी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स. हा टॅक्स भरल्यानंतर कर्नाटकात भरलेल्या कराचा उरलेला हिस्सा परत मागता येतो, पण तो मूळ मालकाच्या सह्यांशिवाय आणि हेलपाट्यांशिवाय मिळत नाही. स्वस्ताई मोजताना टॅक्सचा आकडा आधी आरटीओकडून काढून किमतीत मिळवा. डिझेल गाडीला टक्केवारी जास्त आहे, तिथे बहुतेक वेळा सगळी बचत करातच जाते. ना हरकत दाखला काढून देण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर टाका आणि तो हातात पडेपर्यंत बयाण्यापलीकडे पैसे देऊ नका.

प्रश्न : सोफा विकायची जाहिरात टाकली. पाच मिनिटांत फोन आला, हिंदीत. सैन्यात आहे, बदली झाली, न बघताच घेतो, माझा माणूस टेम्पो घेऊन येईल. आधी पाच रुपये पाठवले, ते खरंच जमा झाले. मग क्यूआर पाठवून म्हणाला, स्कॅन करा, बारा हजार येतील. मी स्कॅन केलं, पिन मागितला तेव्हा घाबरून बंद केलं. पैसे गेले नाहीत. पण हे काय होतं? (इचलकरंजी)

उत्तर : पिन टाकला असता तर बारा हजार तुमच्या खात्यातून गेले असते. यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे द्यायला किंवा शिल्लक बघायला. घ्यायला पिनही लागत नाही, स्कॅनही लागत नाही. त्याने पाठवलेला क्यूआर त्याच्या खात्याचा, आत रक्कम आधीच भरलेली. पाच रुपये खरे पाठवतात ते विश्वास बसावा म्हणून. गणवेशातला फोटो आणि कॅन्टीन कार्ड पाठवतात तेही त्यासाठीच. एकही दोष न विचारता, न बघता, घासाघीस न करता सोफा घेणारं गिऱ्हाईक कोल्हापुरात मिळत नाही, ही खूण पुरेशी आहे.

याच्या बहिणी आणखी दोन. एक म्हणजे ‘चुकून वीस हजार गेले, दहा परत करा’ असं म्हणत पाठवलेला बँकेसारखा मेसेज. मेसेज आणि स्क्रीनशॉट दोन्ही बनवता येतात, म्हणून खात्री फक्त बँकेच्या ॲपमधल्या शिलकीवरून करा. दुसरी फसगत फारशी कुणाला माहीत नाही: पैसे खरोखर येतात, पण भलत्याच माणसाच्या खात्यातून. तो दुसरीकडे फसवला गेलेला असतो. त्याने तक्रार केली की पैशांचा माग तुमच्यापर्यंत येतो आणि बँक तेवढी रक्कम, कधी अख्खं खातं, गोठवते. सोफा गेला आणि पैसेही अडकले. म्हणून ज्याच्याशी बोललात आणि जो वस्तू न्यायला आला, त्याच्याच नावाच्या खात्यातून पैसे घ्या. नाव जुळत नसेल तर पैसे येण्याआधीच नको म्हणा.

कुणाचे गेलेच असतील तर वाट बघू नका. लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. हाताशी ठेवायचं : व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर क्रमांक, रक्कम, वेळ, समोरच्याचा यूपीआय आयडी. पैसे त्याच्या खात्यातून पुढे सरकायच्या आत कळवलं तर अडवता येतात. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार आणि बँकेला लेखी पत्र. नंबर ब्लॉक करायच्या आधी चॅटचे स्क्रीनशॉट घ्या.

प्रश्न : दोन सिलिंडर जास्तीचे पडून आहेत. जाहिरात टाकून विकावेत का? (उचगाव)

उत्तर : नाही. सिलिंडर तुमच्या मालकीचे नाहीत, कंपनीचे आहेत. तुम्ही अनामत भरून वापरताय. एजन्सीला परत करा आणि पावतीप्रमाणे अनामत घ्या. शेगडी मात्र विकू शकता.

प्रश्न : सागवानी कपाट महिनाभर जाहिरातीत आहे. ‘फायनल किती’ असे मेसेज येतात, प्रत्यक्ष कुणी येत नाही. काय चुकतंय? (राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : बहुधा माहिती कमी आहे. कपाट घेणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, आमच्या जिन्यातून जाईल का? उंची, रुंदी, खोली फूट-इंचांत लिहा, सुटं होतं की अखंड आहे ते लिहा, कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आहे का तेही. फोटो सकाळच्या उजेडात काढा : एक पूर्ण, एक दारं उघडून, एक मागच्या फळीचा. सागवान म्हणताय तर न पॉलिश केलेल्या आतल्या कडेचा जवळून फोटो द्या, रेषा दिसल्या पाहिजेत. नुसतं वरून सागाचं व्हीनियर आणि आत प्लाय असेल तर तसंच लिहा, आलेला माणूस टिचकी मारून ओळखतोच. ओरखडा असेल त्याचाही फोटो टाका. त्याने गिऱ्हाईक पळत नाही. दारात येऊन तो ओरखडा बघून किंमत पाडणारं गिऱ्हाईक तेवढं टळतं.

किंमत ठरवताना तुम्ही कधी काळी काय दिलं ते विसरा. तसंच कपाट आज नवं कितीला पडतं ते दोन दुकानांत विचारा आणि तिथून खाली या. घासाघीशीला पाच-दहा टक्के ठेवा. पत्ता ‘राजारामपुरी’ इतकाच, गल्लीचा नंबर येणाऱ्याशी बोलणं झाल्यावर द्या. माणूस बघायला येईल तेव्हा घरात दुसरं कुणी असू द्या.

प्रश्न : जुना मोबाइल घ्यायचा आहे. चोरीचा निघू नये म्हणून काय बघावं? (कळंबा)

उत्तर : फोनवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबा. १५ अंकी आयएमईआय नंबर दिसतो, दोन सिमचा असेल तर दोन. तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या नंबराशी अंक न् अंक जुळवा. मग मेसेजमध्ये केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून तो नंबर लिहून १४४२२ वर पाठवा. संचार साथी पोर्टलवरही हेच बघता येतं. उत्तरात काळ्या यादीत, दुहेरी किंवा आधीच वापरात असं आलं तर फोन परत द्या. चोरीचा असल्याचं समजायला कारण असताना घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली घेणाराही अडकतो, म्हणून बिल नसलेला फोन स्वस्तातही नको.

दुसरी अडचण कुलपाची. जुन्या मालकाचं गुगल किंवा ॲपल खातं न काढता फोन रिसेट केला की तो पुन्हा त्याच खात्याचा पासवर्ड मागतो. विकणाऱ्याला तुमच्यासमोर सेटिंगमधून खातं काढायला सांगा, मग रिसेट, मग तुमचं खातं घालून होम स्क्रीन येईपर्यंत थांबा. पंधरा-वीस मिनिटं लागतात. चार्जर लावून, दोन्ही सिमवर फोन करून, एक चिन्ह बोटाने धरून पडद्यावर कोपऱ्या-कोपऱ्यात ओढून बघा; जिथे सुटेल तिथे टच मेलेला आहे. पैसे त्यानंतर.

प्रश्न : कोल्हापुरातून समोरून दाराचं वॉशिंग मशीन घेतोय, टेम्पोने गावी आणायचं आहे. (गारगोटी)

उत्तर : मशीन बंद असताना आत हात घालून ड्रम वर-खाली हलवा. बाहेरच्या टबासकट हलला तर ठीक, नुसता ड्रम खटखटला तर बेअरिंग गेलं. मग रिकामं स्पिनवर चालवा. विमान उडाल्यासारखी घरघर आली तरी तेच. बेअरिंगसाठी अख्खा टब खोलावा लागतो, त्यामुळे त्या मशीनची किंमत भंगाराच्या जवळ धरा. दाराचं रबर उलटून फाटलंय का ते बघा. बोअरच्या पाण्यावर चाललेलं असेल तर गरम पाण्याचा प्रोग्रॅम लावून काच कोमट होते का पाहा, क्षारांनी हीटर आधी जातो.

नेताना मागचे ट्रान्झिट बोल्ट लावल्याशिवाय हलवू नका. हे लांब बोल्ट टबाला अंगाशी घट्ट धरतात. ते नसतील तर खड्ड्यांत टब आपटून शॉक ॲब्सॉर्बर तुटतात. बहुतेकांकडून ते हरवलेले असतात. मॉडेल नंबर सांगून सर्व्हिसवाल्याकडून मागवा, नाहीच मिळाले तर टबाच्या वरच्या आणि बाजूच्या फटीत जाड फोम दाबून भरा. आधी तळाचा फिल्टर उघडून पाणी काढून टाका, मशीन उभंच न्या, दोरीने टेम्पोच्या फळीला बांधा. घरी पोचल्यावर बोल्ट आणि फोम काढल्याशिवाय चालू करू नका. चारही पाय फिरवून मशीन कोपऱ्यावर दाबल्यावर डुगडुगत नाही इतकं समपातळीत आणा, आणि पहिली धुलाई कपड्यांविना करा.